दुर्बिणीत काही निघालं नाही, तरी घास अडकतोय

वाचकाचं पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी पंचवटीत राहते. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मार्चमध्ये खुडा संपता संपता त्यांना छातीत जळजळ व्हायची आणि कधीतरी घास अडकल्यासारखा वाटायचा, म्हणून एन्डोस्कोपी केली. रिपोर्टमध्ये ‘लॅक्स एलईएस, माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (अन्ननलिकेची खालची झडप सैल, जठराच्या खालच्या भागाला किंचित सूज) असं लिहिलंय. तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढला नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चालू आहे. पहिला दीड-दोन महिना बरं वाटलं. आषाढापासून मात्र ते भाकरी आमटीत कुस्करून खायला लागले. आता भातसुद्धा पातळ करून मागतात आणि प्रत्येक घासामागे पाणी पितात. सदरे ढगळ झालेत. तंबाखू-चुना चाळीस वर्षांपासून आहे.

घरात मी हे बोलून दाखवलं तर सगळे म्हणतात, दुर्बीण घालून बघितलंय, काही निघालं नाही, तू कशाला अभद्र बोलतेस? शेजारचे म्हणतात सीटी स्कॅन करून घ्या, त्यात सगळं कळतं. नाना म्हणतात, ती नळी मी पुन्हा घशात घालू देणार नाही. मला एवढंच विचारायचंय की कॅन्सर असेल तर तो एन्डोस्कोपीत दिसतोच का? या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा? आणि पुन्हा करायला सांगितलं तर त्या डॉक्टरांचा अपमान होईल का?

– एक सून, पंचवटी

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. नानांची एन्डोस्कोपी पुन्हा करायला हवी आणि ती येत्या आठ-दहा दिवसांत व्हायला हवी. पोळा होऊ दे, गणपती उठू देत, छाटणी आटपू दे, असं करत ती पुढं ढकलू नका.

आधी भाकरी अडकणं, मग मऊ भात अडकणं, मग पातळ करून मागणं, आणि त्याच काळात अंगावरचे कपडे ढगळ होणं. ६३ वर्षांच्या, चाळीस वर्षं तंबाखू खाणाऱ्या माणसात हे सगळं एकत्र दिसलं की आधीचा रिपोर्ट काहीही असो, अन्ननलिका पुन्हा नीट बघावीच लागते. नानांना कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. घास अडकण्याची दुसरीही कारणं असतात, त्यांच्याकडे पुढं येते. पण ती कारणं शोधायलासुद्धा पहिली पायरी हीच आहे.

आणि हे तुमच्या लक्षात आलं, कारण ताट तुम्ही वाढता. भाकरी कधी कुस्करली जायला लागली, पाण्याचा तांब्या कधी दोनदा भरावा लागायला लागला, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला इतक्या तपशिलात सांगता येणार नाही. डॉक्टरांच्या दृष्टीनं ही माहिती लाखमोलाची असते. यात अभद्र काही नाही. तुम्ही मला जसं लिहिलंत, अगदी तसंच कागदावर महिन्यांसकट लिहून न्या. जाण्याआधी नानांचं वजन करा आणि मार्चच्या केसपेपरवर तेव्हाचं वजन लिहिलेलं असेल तर तो कागदही सोबत ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न : कॅन्सर असेल तर एन्डोस्कोपीत दिसतोच का?

बहुतेक वेळा दिसतो. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आतून बघायला याहून चांगली तपासणी आज नाही. पण दर वेळी दिसतोच असं नाही. २०१४ साली वेगवेगळ्या ठिकाणचे अभ्यास एकत्र करून सुमारे ३,८०० रुग्णांची माहिती तपासली गेली. या सगळ्यांना अन्ननलिकेचा किंवा जठराचा कॅन्सर झालेला होता. निदानाच्या आधीच्या तीन वर्षांत यांच्यापैकी किती जणांची एन्डोस्कोपी होऊनही कॅन्सर सापडला नव्हता, ते मोजलं, तर आकडा ११.३ टक्के आला. म्हणजे नवांत साधारण एक. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण ७.८ टक्के होतं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या आधीच्या रिपोर्टमध्ये ‘अन्ननलिकेत व्रण’ अशी नोंदसुद्धा होती. तिथं काहीतरी आहे हे दिसलं होतं, पण ते काय आहे याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवला गेला नव्हता.

हा आकडा वाचून कुणी घाबरून जाऊ नये, म्हणून तो नीट समजावून सांगते. नवांत एक म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट मिळालेल्या नवांपैकी एकाला कॅन्सर असतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. समजा, साध्या ॲसिडिटीचा त्रास असलेल्या १,००० लोकांची एन्डोस्कोपी केली आणि त्यांच्यापैकी १० जणांना खरोखर कॅन्सर होता. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. दहांपैकी नऊ सापडले, एक निसटला. बाकी ९९१ लोकांना ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट मिळाला आणि त्यांच्यात कॅन्सर असलेला माणूस एकच आहे. तेव्हा साधी जळजळ असलेल्या, वजन टिकून असलेल्या, जेवण व्यवस्थित उतरणाऱ्या माणसानं चांगल्या रिपोर्टनंतर निर्धास्त व्हायला काही हरकत नाही. दर सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून घेण्याची गरज नाही.

आता नानांसारखे १०० लोक घ्या. वय साठीच्या पुढं, तंबाखू, घास अडकणं वाढत चाललेलं, वजन उतरतंय. समजा, यांच्यापैकी ३० जणांना कॅन्सर आहे. तीच दुर्बीण, तीच नजर. सत्तावीस सापडले, तीन निसटले. आता ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या ७३ लोकांमध्ये तीन जण कॅन्सरचे आहेत. मघाशी हजारात एक होता, इथं पंचविसात एक आला. रिपोर्टवरचे शब्द दोन्हीकडे तेच, पण भरवसा वेगळा, कारण माणसाची लक्षणं वेगळी. त्यात रिपोर्टनंतर त्रास वाढत गेला असेल तर उरलेला भरवसाही कमी होतो. घरच्यांना एवढं एकच समजावून सांगा : रिपोर्ट मार्चचा आहे आणि भात अडकायला लागला तो त्यानंतर. या नव्या लक्षणाबद्दल तो रिपोर्ट काहीच सांगू शकत नाही.

मार्चमध्ये ज्यांनी दुर्बीण घातली त्यांच्याबद्दल मनात अढी धरू नका. तेव्हा नानांना मुख्य त्रास जळजळीचा होता, घास कधीतरीच अडकायचा. अन्ननलिकेच्या कॅन्सरची सुरुवात अनेकदा किंचित लालसर, सपाट डागासारखी असते. कधी नुसती खरखरीत जागा असते. ती मार्चमध्ये होती की नव्हती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही आणि त्याचा आता उपयोगही नाही.

तरीही असं निसटतं कुठं, हे तुम्हाला माहीत असावं. पुढच्या वेळी काय विचारायचं ते त्यावरूनच कळतं.

काही जागाच अडचणीच्या आहेत. घशातून दुर्बीण आत जाते तो अन्ननलिकेचा अगदी वरचा भाग पटकन पार होतो, कारण तिथं रुग्णाला ओकारी येत असते आणि डॉक्टरांनाही पुढं सरकायची घाई असते. अन्ननलिका जठराला मिळते तिथं लगेच खाली असलेली जागा सरळ बघून दिसत नाही. त्यासाठी जठरात गेल्यावर दुर्बिणीचं टोक मागं वळवून वर बघावं लागतं. जठराच्या आतल्या वळणाची कड आणि मागची भिंत या जागाही अशाच निसटतात. नानांना हे द्राक्षाच्या घडावरून सांगा. बागेत नुसतं वरून बघत गेलं तर आतल्या मण्यांवरची भुरी दिसत नाही, घड हातात घेऊन फिरवावा लागतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. सिंगापूरमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जे डॉक्टर एका तपासणीला सरासरी सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत होते, त्यांना जठरातल्या धोकादायक जागा घाईनं बघणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट सापडत होत्या. त्यानंतर २०१६ साली युरोपातल्या एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं सात मिनिटं हा गुणवत्तेचा एक निकषच केला. आपल्याकडे एका सकाळी रांगेत कितीतरी रुग्ण असतात आणि बाहेरचे नातेवाईक ‘दोन मिनिटांत झालं बघा’ असं कौतुकानं सांगतात. या कौतुकाचं मला फार वाईट वाटतं. नळी आत आहे तोवर माणसाला त्रास होतो हे खरं, पण त्या त्रासाचा पुरता मोबदला मिळायला हवा.

तिसरा मुद्दा आतल्या स्वच्छतेचा. फेस, चिकट लाळ, पित्त, कालचं अन्न यांच्याखाली लहानसा डाग सहज झाकला जातो. म्हणून तपासणीच्या थोडं आधी फेस मारणारं सिमेथिकॉन थोड्या पाण्यातून पाजतात आणि दुर्बिणीतूनच पाणी मारून भिंत धुऊन घेतात. जठरात अन्न सापडलं तर तो रिपोर्ट अपुराच मानायचा. तपासणी पुन्हा करायची आणि अन्न का राहिलं तेही शोधायचं.

चौथा मुद्दा गोळीचा. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या आम्ल कमी करतात. जठरातल्या एखाद्या व्रणाच्या बुडाशी कॅन्सर असला तरी आम्ल कमी झालं की वरची जखम भरून येऊ शकते, रुग्णाला बरं वाटतं आणि दुर्बिणीतही जागा बरी दिसते. आपल्याकडे ही गोळी किराणा आणावा तशी आणली जाते. महिनोन्‌महिने कुणी विचारतसुद्धा नाही. ज्यांना धोक्याची लक्षणं नाहीत त्यांनी एन्डोस्कोपीच्या आधी दोन आठवडे ही गोळी थांबवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. नानांसाठी मात्र दोन आठवडे थांबत बसू नका. त्यांची तपासणी लवकर होणं जास्त महत्त्वाचं आहे. गोळी चालू आहे, केव्हापासून आणि किती, एवढं डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं.

आणि पाचवा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : तुकडा. दुर्बिणीतून डोळ्यांना जे दिसतं तो अंदाज असतो, निदान पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली करतो. तोही एका तुकड्यावर भागत नाही. १९८२ सालचा एक जुना, पण आजही सांगितला जाणारा अभ्यास आहे. जठरात कॅन्सर असताना पहिल्या एका तुकड्यातून तो सुमारे ७० टक्के वेळाच कळला, अन्ननलिकेत सुमारे ९३ टक्के वेळा. सात तुकडे घेतले तेव्हा प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर गेलं. म्हणून संशयाची जागा दिसली तर निदान सहा तुकडे घ्यावेत असं सांगितलं जातं. तुकडा काढल्यानं कॅन्सर ‘पसरतो’ किंवा ‘चवताळतो’ ही समजूत नाशिकमध्येही घरोघरी आहे. ती खरी नाही. त्या भीतीपोटी कित्येकांच्या उपचाराचे महिने वाया जातात. तुकडा भाताच्या शितापेक्षाही लहान असतो आणि तो काढताना दुखत नाही.

जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार तर असा आहे की तो आतल्या अस्तरावर गाठ करतच नाही, भिंतीच्या आतून पसरत जातो. वरून अस्तर जवळपास चांगलं दिसतं, वरवरचे तुकडेही स्वच्छ येतात. हवा भरल्यावर जठर फुगत नाही, कडक राहतं, एवढीच खूण असते. चार घासांत पोट भरतंय, वजन भराभर उतरतंय आणि तुकड्यात काही नाही, असं कुणाचं असेल तर त्यांनी तिथंच थांबू नये. खोलवरचे तुकडे, एन्डोस्कोपिक सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांचा विचार डॉक्टरांबरोबर करावा.

आता नानांच्या तपासणीकडे येऊ.

घास अडकतोय म्हणजे अन्ननलिकेत अन्न साचून राहिलेलं असू शकतं. म्हणून आदल्या दिवशी पातळच द्या : पेज, ताक, गाळलेलं सूप, दूध. तपासणीआधी किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील. घन अन्नापासून निदान सहा तास तरी हवेतच, नानांसाठी ते जास्तही सांगतील. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची औषधं, दमा, हृदयाचा त्रास, कसली ॲलर्जी, सैल दात किंवा कवळी, सगळं आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

डॉक्टरांशी बोलताना असं म्हणा : “मार्चमध्ये दुर्बीण झाली, तेव्हा काही विशेष निघालं नव्हतं. त्यानंतर आधी भाकरी, आता भातही अडकतोय, वजन उतरलंय, तंबाखू चाळीस वर्षांची आहे. पुन्हा बघाल का? यावेळी तुकडा घ्याल का?” यात कुणाचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर हे ऐकून स्वतःच तारीख देतो. त्याच डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना आधीचं आणि आताचं जुळवून बघता येतं, दुसरीकडे गेलात तर नवी नजर मिळते. दोन्ही चालेल. मार्चच्या रिपोर्टची प्रत आणि त्यावरचे फोटो मात्र घेऊन जा. तेवढं ऐकूनही कुणी ‘काही नाही, ॲसिडिटीच आहे, गोळी वाढवा’ म्हणालं, तर तिथं वेळ घालवू नका. खर्चाची अडचण असेल तर आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात चौकशी करा.

नानांच्या बाबतीत आणखी एक विनंती करता येईल. आपल्या देशात अन्ननलिकेचा जो कॅन्सर जास्त आढळतो तो तिच्या मूळच्या अस्तरातून होणारा आहे आणि तंबाखू, विडी, दारू ही त्याची मोठी कारणं आहेत. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही हे वाचावं. पाश्चात्त्य देशांत ॲसिडिटीशी जोडलेला खालच्या टोकाचा कॅन्सर जास्त दिसतो. आपल्याकडचा मात्र बहुतेक वेळा मधल्या किंवा खालच्या भागात कुठंही उगवतो आणि सुरुवातीला सपाटच असतो. त्याचा डाग शोधायला दोन उपाय आहेत. नव्या दुर्बिणींत बटण दाबलं की प्रकाश बदलतो आणि बिघडलेली जागा तपकिरी दिसते, याला एनबीआय म्हणतात. दुसरा, आयोडीनचं पाणी अन्ननलिकेत फवारायचं. निरोगी अस्तर गडद तपकिरी होतं, बिघडलेली जागा रंग घेत नाही, फिकी राहते. प्रत्येक केंद्रात हे असेलच असं नाही, पण ‘तंबाखू खातात, एनबीआयनं किंवा आयोडीननं बघता येईल का’ एवढं विचारायला काय हरकत आहे? आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तेही सांगा.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी बघा. दुर्बीण कुठपर्यंत गेली ते लिहिलंय का? ‘डी-टू’पर्यंत लिहिलं असेल तर ती लहान आतड्याच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचली. टोक मागं वळवून बघितल्याची नोंद आहे का? आणि ठरलेल्या प्रत्येक जागेचा स्पष्ट फोटो आहे का? मार्चच्या रिपोर्टवरचे ‘लॅक्स एलईएस’ आणि ‘माइल्ड गॅस्ट्रायटिस’ हे शब्द इतक्या लोकांच्या रिपोर्टवर असतात की नानांचा घास का अडकतोय याचं ते उत्तर होऊच शकत नाहीत. खालची झडप सैल असेल तर अन्न वर येईल, अडकणार कशाला?

शेजाऱ्यांच्या सीटी स्कॅनबद्दल. सीटी एन्डोस्कोपीच्या जागी चालत नाही. अस्तरावरचा लहान, सपाट कॅन्सर सीटीत बहुधा दिसत नाही आणि सीटीत भिंत जाड दिसली तरी तुकड्यासाठी दुर्बीण घालावीच लागते. सीटी लागतो तो निदान झाल्यावर, आजार कुठवर पोचलाय ते बघायला. उलटी बाजूही सांगते, कारण तीही तितकीच महत्त्वाची आहे. एन्डोस्कोपीत स्वादुपिंड, पित्ताशय, यकृत दिसत नाहीत. पोटाच्या वरच्या भागात सतत दुखतंय, कळ पाठीत जातेय, भूक मेलीय, वजन उतरतंय, उतारवयात अचानक मधुमेह निघालाय किंवा डोळे पिवळे झालेत, अशा माणसाची दुर्बीण नॉर्मल आली म्हणून घरी बसणं धोक्याचं आहे. त्यांच्यासाठी सोनोग्राफी आणि सीटी हवाच. नानांचं लक्षण घास अडकण्याचं आहे, म्हणून त्यांची सुरुवात दुर्बिणीनं.

आणि दुसऱ्या एन्डोस्कोपीतही काही निघालं नाही तर? तर मला आनंदच होईल, पण तपास तिथं थांबवू नका. अन्ननलिकेचे स्नायू नीट न चालणं, खालची झडप न उघडणं, अस्तराला ॲलर्जीसारखी सूज येणं, बाहेरून फुफ्फुसाच्या किंवा छातीतल्या गाठीचा दाब येणं, अशी कारणं राहतात. त्यासाठी अस्तर चांगलं दिसत असतानाही अन्ननलिकेचे तुकडे, बेरियम पाजून एक्स-रे, दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि छातीचा सीटी या तपासण्या आहेत. झडप न उघडण्याच्या आजारावर चांगले उपचार आहेत. त्यानंतर माणूस पुन्हा भाकरी खाऊ शकतो.

नानांना कसं तयार करायचं? मार्चमध्ये बहुधा नुसता घशात सुन्न करणारा स्प्रे मारून तपासणी झाली असेल. यावेळी गुंगीचं इंजेक्शन देऊन करता येईल का ते विचारा. त्यानं माणूस शांत राहतो, नंतर बऱ्याच जणांना काही आठवतही नाही, आणि डॉक्टरांनाही सावकाश बघता येतं. त्या दिवशी सोबत कुणीतरी हवं आणि नानांनी गाडी चालवायची नाही, मोटरसायकलसुद्धा नाही. त्यांना ‘काही नाही हो, साधी तपासणी आहे’ असं सांगून फसवून नेऊ नका. ‘तुमचा घास अडकतोय, तो का अडकतोय ते शोधायचंय’ एवढं खरं सांगणं पुरेसं आहे. तुमचं ऐकत नसतील तर ते ज्यांचं ऐकतात त्यांना मध्ये घाला : गावातला मित्र, धाकटा भाऊ, लेक. आणि तुमच्या यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. सुनेनं एकटीनं हे ओझं वाहू नये, मुलानं वडिलांना घेऊन जावं.

तंबाखू आज बंद झाली तर उत्तमच. पण त्यावरून घरात भांडण पेटून तपासणी राहून जायला नको. आधी तपासणी.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण तशीही पत्रं येतात. जठरात व्रण निघाला असेल तर त्रास थांबला तरी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करून तो भरला का ते बघा, न भरल्यास पुन्हा तुकडे घ्या. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या व्रणाला सहसा याची गरज नसते, कारण तिथं कॅन्सर फार क्वचित असतो. आणि घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, सततच्या उलट्या, कारण न सापडणारा ॲनिमिया यांपैकी काहीही असेल तर गोळीवर महिने काढू नका.

नानांचे तुकडे तपासणीला गेले की रिपोर्ट यायला आठवडाभर लागू शकतो. तोवर त्यांना पातळ पण दणदणीत खायला घाला : नाचणीची पेज, तूप घातलेलं मऊ वरण, अंडं चालत असेल तर दुधात फेटून शिजवलेलं. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. बसून खाऊ द्या आणि खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. पाणीही उतरेनासं झालं, लाळ बाहेर थुंकावी लागली किंवा खाताना ठसका लागून ताप आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रिपोर्टमध्ये काही निघालंच, तर लॅबमधून तुकड्यांच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घेऊन जपून ठेवा. नाशिकमध्ये उपचार घ्या किंवा परळला टाटा हॉस्पिटलमध्ये जा, ते पुन्हा तपासायला मागतात आणि ते जवळ असले तर नानांना दुसऱ्यांदा तुकडे द्यावे लागण्याची शक्यता कमी होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नानांचं नाव सारखं आहे ना, ते याच आठवड्यात बघून ठेवा.